बाबांना वाक्यं जोडायला शिकवलं ते वर्ष

त्या वर्षातल्या साऱ्या संध्याकाळी मला एकच लांबलचक संध्याकाळ म्हणून आठवतात. डिचोलीतलं आमचं घर, सुर्ल्याकडून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची तांबूस धूळ, तिच्यातून गाळून येणारं ऊन, कुठेतरी लांब पाववाल्या पोदेराचा भोंपू आणि ओसरीवर पाटी घेऊन बसलेले माझे बाबा. मास्तरीण मी, तेरा वर्षांची.

बाबा पोर्तुगिजांच्या काळापासून कचेरीत कारकून. गोवा मुक्त झाला, हळूहळू सगळे कागद इंग्रजीत आले आणि बाबांना सांगण्यात आलं, इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर पट्टेवाल्याच्या स्टुलावर बसा. आमच्या वर्गात तेव्हा छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायला शिकवत होते. सकाळी शिकलेलं मी संध्याकाळी बाबांना शिकवायची.

पोर्तुगीजमध्ये ते अर्धं पान एका वाक्यात लिहीत. इंग्रजीत मात्र 'पाऊस आला. मी भिजलो. मी घरी गेलो,' असं पहिलीतल्या पोरासारखं. जोडा म्हटलं की मध्ये 'अँड' घालून मोकळे. 'बिकॉज', 'ऑलदो', 'हॅविंग' मी घसा कोरडा करून समजावायची. ते मान डोलावत आणि पुन्हा 'अँड'च लिहीत. मी मुळातच तापट. परीक्षा चार दिवसांवर आली आणि माझा तोल सुटला.

"कितको मठ्ठ रे तू, बाबा!" आमचे मास्तर म्हणत त्याच सुरात.

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी छडी खायला हात पुढे केला. थट्टा होती का, ते मला अजून सांगता येत नाही. चेहऱ्यावर हसू नव्हतं. बोटांना कचेरीतली शाई लागलेली होती. मग तेच खाली बसले नि म्हणाले, "परत सांग गो बाय. सावकाश सांग."

चारही दिवस मी सावकाश सांगितलं. माफी मात्र मागता आली नाही. तोंड उघडलं की रडू येईल असं वाटायचं.

महिन्याभराने ते कचेरीचा लिफाफा घेऊन आले, सरळ माझ्याकडे. "तू वाच." पाच ओळींचं एकच वाक्य होतं. मी न थांबता वाचलं. चुलीपाशी असलेली आई हात पुसत बाहेर आली.

"म्हणजे काय गो?"

"बाबा पास! खुर्ची रवली, स्टूल टळलं!"

आई देवापुढे दिवा लावायला धावली. ओसरीवर आम्ही दोघंच उरलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी तुका मठ्ठ म्हटलंय."

बाबा कागदाची घडी घालत होते.

"कचेरीत सगळेच म्हणत होते," ते म्हणाले. "शिकयलंस फक्त तू."