अण्णांनी दिलेली परवानगी

नाग दिसला तर त्याला शेपटीला धरून उचलून बांधापलीकडे सोडणारे आमच्या शेजारचे अण्णा मोबाइलला मात्र घाबरत. त्यावर ‘काम झालं’ असा निरोप आला की त्यांचा चेहराच उतरे. “करू का म्हनून इचारलं तर बरं. झालं म्हनतोय, म्हंजे आपुन उशिरा पोचलो,” असं म्हणत.

सायखेड्यातल्या त्यांच्या द्राक्षबागेत मुलानं एआय एजंट बसवून दिला होता. पानांवरची ओल मोजणाऱ्या डब्या बघून तो नळ्यांतून औषध फवारायचा. बारीकसारीक कामं परस्पर करून तो मोबाइलवर कळवायचा, फवारणीआधी मात्र विचारायचा. आम्हा पोरींना अण्णा ओट्यावर बसवून समजावत, “आपुन फक्त काम सांगायचं, रोग येऊ देऊ नको. कसं करायचं ते त्योच ठरवतो. आधी बघतो, मंग दोन-चार वाटा काढतो, त्यातली एक धरतो, करतो आन पुन्ना बघतो. लय हुशार हाय. पन डबीला जे दिसत नाय, ते त्याच्यासाठी जगातच नाय.” शेवटचं वाक्य ते आवाज खाली आणून बोलत. माझ्या अंगावर काटा येई.

एकदा नामपूरला लग्नाला जाताना त्यांनी एजंटला, आपल्याला न विचारताच फवारायची परवानगी दिली. आल्यावर ती काढून घ्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी, उन्हानं द्राक्षाचे मणी भाजू नयेत म्हणून ते नेहमीसारख्या बागेवर जुन्या साड्या बांधत होते. त्यातली एक, नुकतीच धुतलेली, अजून ओली, नेमकी डबीवर आली. डबीला ओल लागली आणि एजंटनं ठरवलं, पानं भिजलीत, आता रोग येणार.

आमचा लपंडाव चालला होता. माझी धाकटी बहीण सई त्या साड्यांआड लपली होती. नळ्या फुसफुसल्या आणि आतून तिची किंकाळी आली. मी जागची हललेच नाही, इतकी भ्याले होते. अण्णा आत शिरले आणि सदऱ्यात तिचं तोंड झाकून तिला बाहेर घेऊन आले. तिला श्वास घेता येत नव्हता.

दवाखान्यात सई तिसऱ्या दिवशी बोलली. तोवर अण्णा बाहेरच्या बाकावर बसून होते. “त्या एजंटचं काय चुकलं नाय,” ते आमच्या आईला म्हणाले. “आत कोन हाय का ते आधी मला इचार, ह्ये मीच सांगितलं नव्हतं.”

पुढे बाग मुलाकडे सोपवून ते सिन्नरला लेकीकडे राहायला गेले. निघताना सईनं वाकून नमस्कार केला. आशीर्वादासाठी त्यांनी हात उचलला, पण तिच्या डोक्यावर ठेवायचा त्यांना धीर झाला नाही.