उच्चार चुकला की गोड नाही

आमच्या सासरी, बडोद्याला, रविवारच्या जेवणाचा एक नियम होता. गोड वाढण्याआधी मोठे दीर एक अवघड इंग्रजी शब्द टाकायचे. ज्याचा उच्चार चुकेल त्याच्या वाटीत गोड पडायचं नाही. माझे आजेसासरे संस्थानात अंमलदार होते, ही पद्धत त्यांची. संस्थान गेलं, घोडागाडी गेली, ही खोड तेवढी उरली. नातू साठीला आले तरी परीक्षा चालूच.

एकदा शब्द आला 'बोरबोरिग्मस'. समोर श्रीखंडाचं पातेलं, आणि हे गृहस्थ सांगताहेत की जोर 'रिग'वर हवा. अर्थ काय, तर पोटातली गुरगुर. ती माझ्या पोटातून केव्हाचीच येत होती. सासूबाईंना मात्र कधी कुणी शब्द विचारला नाही. त्या वाढायच्या, आणि सगळे उठले की स्वयंपाकघरात पातेलं खरवडून खायच्या.

मला दिरांचा तिटकारा होता आणि तो मी फारसा लपवतही नसे. जगात कुणी वापरत नाही असे शब्द गोळा करायचे आणि घरच्यांवर फेकायचे, याला ते व्यासंग म्हणत. उथळ पाण्याला खळखळाट फार. जन्म बडोद्यात काढला, पण भाजीवालीशी दोन वाक्यं धड गुजराती बोलता येत नसे.

गेल्या वर्षी सासूबाई खंगत चालल्या. मधुमेह जुना, त्यामुळे साखर बंदच होती. दिरांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्टात शब्द होता 'ककेक्सिया'. तो सांगताना दिरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला. ग्रीक शब्द आहे म्हणाले, जोर 'के'वर, आणि 'कॅचेक्सिया' म्हणणारे सगळे अडाणी. आठवडाभर फोनवर नातेवाइकांना तेच ऐकवलं. माझा नवराही तो शब्द बिनचूक म्हणायला शिकला. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे मी बरी होणार का?" त्यावर या दीडशहाण्याने आईला शब्दाचं मूळ समजावलं. वर पथ्य आणखी कडक केलं. नुसती पेज आणि उकडलेला दुधी.

औषधं आणायला मी फतेगंजला दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनाच अर्थ विचारला. शरीर झिजत चाललंय म्हणाले, आता भरून येणार नाही, फार दिवस नाहीत. मग पथ्याचं काय, मी विचारलं. ते गुजरातीत हळूच म्हणाले, "बाने जे भावे ते आपो, बेन." त्यांना आवडेल ते खाऊ घाला. हे त्यांनी दिरांनाही सांगितलं होतं. दिरांनी घरी फक्त शब्द आणला.

घरी येऊन सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं, काही न गाळता. त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बासुंदी कर. चारोळी घाल."

रविवारी त्या पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पानावर बसल्या, पाठीला उशी लावून. मी बासुंदीचं पातेलं आणलं, तसा दिरांनी सवयीने घसा खाकरला. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटी स्वतःच उचलून माझ्यापुढे धरली.

"मला शब्द न विचारता वाढ."