दादाच्या छातीचा फोटो

माझा मोठा भाऊ स्कॅन सेंटरमध्ये कामाला होता. पेशंटला मशीनवर झोपवायचं, श्वास धरायला सांगायचं, मग सगळं पुसून काढायचं. पुसण्याचं फार वेड. घरी वहिनीने पुसलेला ओटा परत पुसायचा, आणि ती म्हणायची, "मला पण पुसून टाक एकदा."

नवीन मशीन आलं. शरीराचा आतला फोटो उभा, आडवा, गोल फिरवून दाखवणारं. कंपनीचा माणूस म्हणाला, ट्रायलला कोणीतरी झोपा. दादा झोपला. छातीचा रंगीत फोटो आला, तो बाहेर भिंतीवर लावायचा ठरला.

फोटोत एक ठिपका होता. दादाने विचारलं, हे काय? कंपनीवाला म्हणाला, "तुम्ही हललात, कधीकधी येतं असं."

"मग पुसा की राव. लोक बघणार, घाण दिसतंय."

त्याने कॉम्प्युटरवर पुसला. ट्रायलचा फोटो, त्यामुळे डॉक्टरने बघायचा प्रश्नच नव्हता. पुसला तसा थेट भिंतीवर.

पुढच्या वर्षी दादा खोकायला लागला. आम्ही म्हणायचो दाखव, तर म्हणायचा, "माझी छाती भिंतीवर टांगलीय, काचेसारखी. तुमची आहे का?" सेंटरचे लोकपण हसायचे. वजन उतरलं, रक्त पडलं, तेव्हा झोपला परत मशीनवर.

डॉक्टरने कंपनीकडून जुना न पुसलेला फोटो मागवला. ठिपका वाटाण्याएवढा होता. आता मुठीएवढा झालेला. दादाने विचारलं, तेव्हा कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाला, "तेव्हा कापून काढला असता. आता काय कापणार?" तोंडावर म्हणाला, वहिनीसमोर.

वहिनी कंपनीवाल्याला शिव्या घालायला लागली. दादाला खोटं जमायचं नाही. म्हणाला, "त्याला कशाला बोलतेस. पुसायला मीच सांगितलं."

त्या दिवसापासून वहिनी त्याच्याशी बोलली नाही. सगळं केलं हो तिने. अंघोळ घातली, भरवलं, उलटीचं भांडं धरलं. पण शब्द नाही. दादा म्हणायचा, "अगं, शिवी तरी दे." ती चादर बदलायची आणि निघून जायची. मी हातापाया पडले तिच्या, वहिनी, चार दिवसांचा सोबती आहे गं.

दुपारी गेला. पाणी मागितलं, तिने पाजलं. तो तिच्याकडे बघत राहिला, ती पेल्याकडे.

नंतर मी रागाने विचारलं, एक शब्द बोलली असतीस तर काय गेलं असतं तुझं?

म्हणाली, "बोलले असते तर वाटलं असतं त्याला, की माफ केलं."