पाण्याची इयत्ता

हट्टीपणात आमच्या म्हातारीची बरोबरी करणारं माणूस वैनगंगेच्या या काठाला नाही आणि त्या काठालाही नाही. दोन्ही काठ मी पायी फिरलो आहे, ऐकीव सांगत नाही. शनिवारी सांजेला आम्ही दोघं छपरीच्या पायरीवर बसून रंगाच्या वाट्या धूत होतो. ते आमचं शेवटचं सोबतीचं काम, आणि त्यातही ती भांडतच होती. मी हिरव्या वाटीतलं पाणी निळ्या वाटीत ओतलं, एवढाच माझा गुन्हा. "झालं," ती म्हणाली, "अवो, वाट्या धुवून राह्यले का ढोरं धुवून राह्यले?" मी म्हणालो, पाणी फेकायचंच आहे, त्यात काय एवढं. तर म्हणे, "फेकाचं असलं तरी नीट फेका." मग गुडघ्यावर हात देऊन उठली, कुंचे डब्यात उभे करून ठेवले, आणि दारातून मागं वळून म्हणाली, "उद्या मैनाले पहिला रंग द्याचा हाय. तिले कबूल केलं हाय म्या. गुडघे लय दुखून राह्यले माहे, पाणी तुमी भरजा." मी हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जात होतं.

आता हे रंगाचं प्रकरण काय ते सांगतो. माझी बायको गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. तिथल्या कपाटात कुठून तरी आलेली एक रंगाची पेटी पडून होती. कोणी उघडली नव्हती. हिने उघडली. आत गोल गोल वड्या. रंग म्हणजे वाटून घ्यायचा, एवढंच हिला माहीत, कारण आमच्या घरात हळदीपासून गेरूपर्यंत सगळं वाटूनच घेतलेलं. तिने त्या वड्या घरी आणून पाट्यावर वाटल्या. निळी वडी मोठी चिवट निघाली. पाटा किती घासला तरी त्याच्या टाक्यांत ती बसून राहिली, आणि पुढं आठवडाभर आमच्या घरची जवसाची चटणी निळी होती. मी काही बोललो नाही असं नाही, पुष्कळ बोललो. ती म्हणाली, "चवीत फरक पडला का? नाई ना? मंग डोळे झाकून खा."

तिथून जे सुरू झालं ते सुटलं नाही. अंगणवाडीतून ती निवृत्त झाली, पण ते पोरांना कोणी कळवलं नाही. पोरं आपली रविवारी सकाळी आमच्या छपरीत येऊन बसू लागली. ही पण त्यांना घरी पाठवायची सोडून वाट्या मांडू लागली. चित्रकला ती कुठं शिकली असं मला लोक विचारत. कुठंच नाही. तिला फक्त बघायचा रोग होता. भाजीवाला दारात आला तर ही वांगी घ्यायची सोडून उलटीपालटी करून त्यांच्या देठाचाच रंग पाहत बसे. तो म्हणे, "बाई, घेता का नाई?" ही म्हणे, "थांब ना गा, पायते." आमच्या गावावरून सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक जातात. त्यांची लाल धूळ रस्त्याच्या कडेला पानापानावर बसते. सगळं गाव त्या धुळीला शिव्या देतं. ही चमचा आणि वाटी घेऊन ती गोळा करायला जायची. धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात ती धूळ कालवली की असा लाल रंग व्हायचा की दुकानातल्या वडीने तोंड लपवावं. एकदा एका ट्रकवाल्याने तिला रस्त्याच्या कडेला वाकलेलं पाहिलं. काही हरवलं असेल म्हणून बिचारा गाडी थांबवून उतरला. "आजी, क्या गिरा?" ही म्हणाली, "रंग." तोही पाच मिनिटं वाकून शोधत होता.

तिच्या शाळेचे कायदे सरकारी कायद्यांपेक्षा कडक होते. खोडरबर आणायचं नाही, हा पहिला. कोणाच्या दप्तरात दिसलं की ते घ्यायचं आणि थेट घरावर भिरकावायचं. दरसाल पावसाआधी मी कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला वर चढलो की कवेलूंच्या सांदीत रबरंच रबरं. काही माकडांनी चावून टाकलेली. मी वरून ओरडायचो, "अवं, घर शाकारू का रबराचं दुकान लावू?" ती खालून म्हणायची, "राहू द्या तिथीच. गळतं त्या जागी लावा."

दुसरा कायदा डोंगरांचा. कोणत्याही पोराला कागद दिला की ते दोन टोकदार डोंगर काढतं, मधून सूर्य, सूर्यातून निघालेली नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. तिने नारळ पाहिला की तिचं डोकं फिरायचं.

"हे काय हाय?"

"नारळ, बाई."

"कुठी पाह्यला?"

"पुस्तकात."

"मंग पुस्तकाच्या गावाले जा अन् तिथीच जेव. इथी मोह हाय, मोह काढ."

पोरं खरंच मग जे दिसेल ते काढू लागली. याचा पहिला फटका मला बसला. एका पोराने दुपारी छपरीत तोंड उघडं टाकून झोपलेला मी काढला. तोंडात एक माशीही होती. म्हातारीने ते चित्र खळ लावून दारासमोरच्या भिंतीवर डकवलं, म्हणजे आल्यागेल्या पाहुण्याची पहिली नजर माझ्या तोंडात जावी. मी ते काढायला गेलो तर म्हणाली, "हात लावू नका. माशी लय जमली हाय."

पाण्याचे रंग कसे लावायचे हे ती धानाच्या भाषेत शिकवायची, कारण पोरांना तीच कळते. कागद म्हणजे बांधी, धानाचा वाफा. पेन्सिलची रेघ म्हणजे धुरा, वाफ्याचा बांध. आधी बांधीत पाणी सोडायचं, ते सगळीकडे सारखं पसरू द्यायचं, मग रंगाचा रोवणा. घाई केली तर रोप तरंगतं, उशीर केला तर चिखल आवळतो. आणि सगळी बांधी कधी भरायची नाही, थोडी जागा कोरी ठेवायची, कारण पांढरा रंग पेटीत नसतो, तो कागदाचा असतो. चार-पाच वर्षांची पोरं नाकाला शेंबूड आणि "बाई, माही बांधी फुटली" म्हणून ओरडतात. फुटली म्हणजे आभाळाचा निळा खाली घराच्या कवेलूंवर उतरला. ती म्हणायची, "फुटली तं फुटली, पाऊस आला म्हण." ओली चित्रं वाळवायला आमच्याकडे एकच जागा, मोहफुलं वाळवायची चटई. आमच्या शेळीला दोन्हींतला फरक कळत नसे. तिने एकदा अख्खं एक गाव खाल्लं, बैलगाडीसकट. पोरगं रडायला लागलं. म्हातारीने शेळीच्या तोंडातून उरलेला कोपरा ओढून काढला, नीट पाहिला आणि म्हणाली, "रडते काऊन? नुसती बोडी राह्यली. बोडी लय चांगली हाय." बोडी म्हणजे आमच्याकडचं गावतळं. तो कोपराही भिंतीवर गेला, माझ्या तोंडाशेजारी.

पण हे सगळं पुढच्या इयत्तेत. पहिली इयत्ता पाण्याची. नवीन पोर आलं की त्याला कागद नाही, रंग नाही. पळसाच्या मुळीचा कुंचा आणि वाटीभर साधं पाणी. आमच्या छपरीची पायरी काळ्या फरशीची आहे. तिच्यावर पाण्याने काढायचं. ओलं असेतो चित्र काळंभोर दिसतं, आणि मग ऊन ते पिऊन टाकतं. पोराने कोंबडी काढायला घेतली की शेपटीपर्यंत येईतो डोकं गेलेलं असतं. पोरं रडून गाव गोळा करायची. "बाई, माही कोंबडी गेली."

"गेली तं गेली. दुसरं काढ."

रडलं की नापास. फरशीवर सावली धरून बसलं तरी नापास. जे गेलं तेच परत काढलं तर तेही नापास. गेलेलं जाऊ देऊन ज्या दिवशी पोर आपणहून दुसरं काही काढायला घेईल, त्या दिवशी ते पास, आणि पुढच्या रविवारी त्याला पहिला रंग. पावसाळ्यात फरशी वाळतच नसे, म्हणून पावसाळ्यात कोणी पास होत नसे. आया येऊन भांडायच्या की आमचं पोर दोन महिने नुसती पायरी भिजवून राह्यलं, रंग कधी देता? ही म्हणायची, "जीव अडकून हाय त्याचा. सुटला का देते."

हातात काम उरलं नाही तेव्हा मीही बसलो होतो त्या पायरीवर. मी चौथी शिकलेला, मला वाटलं यात काय आहे. मी आमचा पाखऱ्या बैल काढायला घेतला. तो मरून बरीच वर्षं झाली होती, पण त्याचं वशिंड मला पाठ होतं. वशिंड झालं, पोट झालं, मागच्या पायाला आलो तर शिंगं गेलेली. मी शिंगं परत काढली तर वशिंड गेलं. मी उन्हाला आईवरून शिवी दिली. पोरं खदखदा हसली. म्हातारी आतून म्हणाली, "नापास."

त्यानंतर दर रविवारी मी पाखऱ्याच काढला. माझ्यामागून आलेली पोरं रंगात गेली, रंगातून हायस्कुलात गेली, एकाचं तर लग्न झालं. मी पाण्यातच. मी एकदा तिला म्हणालो, नवरा म्हणून तरी पास कर. ती म्हणाली, "तुमाले बैल गेला का खराच गेला वाटते. तुमचं काही खरं नाई." तिने मला रंग दिला नाही. वाट्या धुवायला तेवढ्या दिल्या.

मैना ही बोडीकाठच्या घरातली, पाच वर्षांची. फार रडकी. दिवाळीआधीपासून पाण्यात होती. कोंबडी गेली की अशी हंबरायची की आमची शेळी उत्तर द्यायची. मागच्या रविवारी तिची कोंबडी वाळली. आम्ही सगळे कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो. तिने वाळलेल्या फरशीकडे पाहिलं, नाक ओढलं, आणि एक अंडं काढलं. म्हातारीने तिथल्या तिथं जाहीर केलं, "पास. रविवारी रंग." मैना सगळा आठवडा आमच्या दारावरून जाता-येता विचारत होती, "बाई, आज रविवार हाय का?" म्हातारी सांगायची, "नाई व बाई. झोपून उठ, मंग पाहू."

रविवारी सकाळी चहा मीच केला, तिचे गुडघे दुखत होते म्हणून. कप घेऊन उठवायला गेलो. ती उठली नाही.

शेजारपाजार जमलं. मुलगा वरोऱ्याहून निघाला होता, तो येईपर्यंत वाट पाहण्याशिवाय काम नव्हतं. बाया आत तिच्याजवळ बसल्या, मी बाहेर पायरीवर. लोक येत, खांद्यावर हात ठेवत आणि आत जात. थोड्या वेळाने कुंपणापाशी पोरं दिसली. रविवार होता. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. पुढं मैना, केसांना चप्प तेल, अंगात दिवाळीचा फ्रॉक. शेजारची बाई धावली. "जा गा पोट्टेहो, घरी जा. आज नाई."

मी म्हणालो, "येऊ दे त्याइले."

"भाऊ, असं कसं करता? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. पाणी भरतो म्हणून कालच कबूल केलं हाय म्या."

वाट्या मांडल्या. पाणी भरलं. हिरव्याची वाटी हिरव्याला, निळ्याची निळ्याला, काही मिसळू दिलं नाही. पोरं आपापल्या जागी बसली. मैना माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबाजी, बाई कुठी हाय?"

मला फिरवून बोलता येत नाही. "गेली," मी म्हणालो.

तिने नाक ओढलं. रडली नाही. मी पेटी उघडून तिच्यापुढं धरली. "कोणता पायजे?"

तिने पेटीकडे पाहिलंही नाही. बाजूच्या वाटीतल्या त्या धुळीच्या लाल रंगाकडे बोट केलं. मी दिला. तिने कागदावर आधी पाणी सोडलं, ते पसरू दिलं, आणि जिभेचं टोक बाहेर काढून कुंचा टेकवला. लाल असा पसरला की आतल्या बायांतली एक दारात येऊन पाहत उभी राहिली.

मग मीही एक कुंचा घेतला. साध्या पाण्याचा, मला तेवढाच चालतो. पायरीवर पाखऱ्या काढायला हात गेला, पण तो नाही काढला. तिला काढलं. वाट्या धुताना बसते तशी, गुडघे वर करून. अंबाडा जरा मोठा झाला. नाक जमलं. ऊन चढत होतं. पायाकडून वाळायला लागली, मग हात गेले, मग नाक. मी उन्हाला काही म्हणालो नाही.

सगळी वाळली. कुंचा बुडवला आणि परत तिलाच काढायला घेतलं.