शिराजची सोयरीक

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेलं नाही, आणि वाइन त्यांच्याइतकी कळलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ, गाव रनाळे, धंदा शेती आणि छंद लग्नं जुळवण्याचा. उभ्या तालुक्यात त्यांनी इतक्या सोयरिकी जमवल्यात की कुठल्याही मांडवात दोन्हीकडचे व्याही आधी त्यांच्याच पाया पडतात. असा माणूस मिरची-कापसाच्या रानात शिराज नावाची, वाइनची काळी द्राक्षं लावतो, हे सांगून कुणाला खरं वाटेल?

लावण्याआधी मामांनी वेलीचं कूळ काढलं. रोपं देणाऱ्या, वाइनच्या कारखान्याच्या साहेबांना दोन तास हलू दिलं नाही. शिराज हे इराणातलं शहर, पण या द्राक्षाचे आईबाप दोघंही फ्रान्सचे, हे कळल्यावर मामा खुशीत म्हणाले, "मंग बराबर शे. नाव सासरनं, कूळ माहेरनं!" पिकायला लागल्यावर रोज एक मणी बियांसकट चावायचे आणि बजावायचे, "पोर तापट शे, मिरीना झणका शे. हिले गुळमुळीत स्थळ चालत नही." तोडणीला पहिल्या क्रेटला कुंकू लावून त्यांनी पोर कारखान्याला धाडली.

यंदा तिची पहिली बाटली घरी आली. थोरला मुलगा टपूनच होता. "आप्पा, चांगली नही निंघनी तर वेली उपटूत, पपई लावूत." माळेमुळे मामांना चाखता येईना, म्हणून चाखायला जावई, म्हणजे मी! आता बोला!

मी घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. आंबट, तुरट. मुलगा हसला. मामांचा चेहरा खर्रकन उतरला, पण माणूस हटेना. "एकली आंडेर पाहीसन काय कळस? सोयरा बी पाहिजे ना!" आंडेर म्हणजे लेक. मामींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरवी मिरची घातलेलं वांग्याचं भरीत पुढं सरकवलं. घास खाल्ला, वर घोट घेतला. अहाहा! भाजल्या वांग्याचा धूर आणि शिराजची मिरी जणू एका गावची. थेंबही न चाखता या माणसानं हे ओळखलं कसं? मी थक्क होऊन बघतच राहिलो. मुलानं पेला ओढून घेतला, भरीत-भाकरीचा घास खाल्ला आणि वर घोट घेतला.

"पपई खालना वावरमा लावूत," एवढंच म्हणाला.

मामांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते पेल्याकडं बोट करून, माझ्याकडं वाकून हळूच विचारत होते, "जवाईबापू, मन्ही आंडेर सुखी शे ना?"

मामांना तिन्ही मुलगेच. दुसऱ्यांच्या लेकी नांदत्या करण्यात जन्म गेला, हे मला तेव्हा आठवलं.

"सुखी आहे, मामा," मी म्हणालो. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.