भित्र्या पुढारिणीची दोनशे पत्रकं

इत्सेल मोन्द्रागोन माझ्या छापखान्यात यायला निघाली ती ईस्टरच्या आधीचे चाळीस उपवास सुरू झाले त्या बुधवारी, आणि प्रत्यक्ष आत पोचली ती ईस्टर उलटल्यावर. मधला सगळा काळ मी तिला काचेतून पाहत होतो. ती यायची, दाराला हात लावायची, रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की शेजारच्या टायरवाल्याकडे घुसायची. त्याने तिला दोन टायर विकले असं म्हणतात. तिच्याकडे गाडी नव्हती. अखेर ती आत आली तेव्हा माझा कुत्रा, वय सोळा, शिल्लक दात तीन, झोपेत कुशीवर वळला, आणि ही पोरगी थेट पत्रिकांच्या कपाटावर चढली. उतरवायला शिडी आणावी लागली. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून तिने सांगितलं, "एवारिस्तोकाका, मला आंदोलनाची पत्रकं छापायची आहेत."

अशी आमची पुढारी. वय एकोणीस. कुत्रा, फोनची रिंग, माइक, गणवेश घातलेला कोणीही माणूस, यात पोस्टमनही आला, या सगळ्यांना ती घाबरायची. यात तिचा दोष नव्हता. तिची आई अम्पारो बावीस वर्षं द्राक्षांच्या मळ्यात तोडणीला जात होती आणि तिच्याकडे या देशात राहण्याचे कागद नव्हते. कागद नसलेल्यांना धरून देशाबाहेर धाडणारे पांढऱ्या गाड्यांतून फिरायचे. इत्सेल जन्मली इथेच, पण बोलायला लागली तेव्हा तिला आधी 'दार उघडू नकोस' शिकवलं गेलं आणि मग 'आई'.

मायलेकी राहायच्या एल साउसे नावाच्या वस्तीत. मळ्यांच्या कडेला बेचाळीस ट्रेलर, म्हणजे चाकांवरची पत्र्याची घरं, सगळे भाड्याचे, आणि सगळ्यांना मिळून एक विहीर. तिचं पाणी पिवळं, वास कुजलेल्या अंड्याचा. त्यात आर्सेनिक आहे असं प्रयोगशाळेने कळवलं होतं. शहराची पाण्याची लाइन वस्तीपासून दहा मिनिटं चालण्याच्या अंतरावरून जायची. ती वस्तीपर्यंत आणायची की नाही हे जिल्ह्याचं पाणी मंडळ मंगळवारी दुपारी दोन वाजता ठरवणार होतं. राहणाऱ्यांनी येऊन बोलायला हवं होतं. वस्तीच्या मालकाला अर्थातच लाइन नको होती. विहीर त्याची होती.

इत्सेल आणि तिच्या वर्गातला नोए, दोघं कॉलेजात नेतृत्वाचं शिबिर करून आले होते. तिथे त्यांना बाणांचे तक्ते काढायला शिकवलं होतं. पहिल्या सभेला त्यांनी असा मोठा तक्ता भिंतीवर लावला. सभेला एकटी चोलेमावशी आली, आणि तीही तामाले, म्हणजे मक्याची वाफवलेली मुटकी, विकायला.

"पोरी," अम्पारो घरी म्हणाली, "तुझ्या पंधराव्या वाढदिवसाला किती माणसं होती?"

"तीनशे."

"त्यांना बाण दाखवले होतेस?"

तिथून गाडी रुळावर आली. आमच्यात मुलीचा पंधरावा वाढदिवस एकट्या बापाच्या खिशातून होत नाही. केक एकाचा, बूट दुसऱ्याचे, बँड तिसऱ्याचा. ज्याने जे उचललं तो त्याचा पाद्रिनो. बाई असली तर मद्रिना. हा मान आहे, आणि मान नाकारणारा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्मलेला नाही. आठवड्याभरात फुल्हेन्सिओ बसचा पाद्रिनो झाला, चोलेमावशी जेवणाची मद्रिना, नोए घड्याळाचा पाद्रिनो, कारण मंडळापुढे प्रत्येकाला बोलायला तीनच मिनिटं होती. अम्पारो झाली पिवळ्या पाण्याच्या बरणीची मद्रिना. एकूण अडतीस जण.

आता माझं पाप सांगतो. इत्सेलने मजकूर दिला होता एवढाच: वार, वेळ, जागा आणि मागणी. मी सव्वीस वर्षं पंधराव्या वाढदिवसाच्या पत्रिका छापतोय. पत्रिकेत खाली पाद्रिनोंची नावं असतात. नसली तर लोक आयुष्यभर बोलत नाहीत. पत्रकाचा खालचा भाग मोकळा दिसला आणि माझा जीव तुटला. मी चोलेमावशीला बोलावलं. तिने अडतीस नावं दोन्ही आडनावांसकट तोंडपाठ सांगितली, ट्रेलरचे क्रमांकही सांगितले. मी ती सोनेरी शाईत छापली. दोन कोपऱ्यांत कबुतरं टाकली. शनिवारी सकाळी मावशीने तामालेंबरोबर सगळी दोनशे पत्रकं वाटूनही टाकली.

दुपारी इत्सेल आली. या वेळी तिने रस्त्याकडे पाहिलं नाही, कुत्र्याकडेही नाही.

"काका, हे काय आहे?"

"कबुतरं. त्यांचे जास्त पैसे लावले नाहीत."

तिने वाचलं. "अम्पारो मोन्द्रागोन रेयेस. पाण्याच्या बरणीची मद्रिना. ट्रेलर सतरा." मग माझ्याकडे पाहिलं. "क्रमांकसुद्धा."

"पत्ता नसला तर पाहुण्यांना..." एवढं बोललो आणि कळलं. मी छापली होती ती पत्रिका नव्हती. कोणाला न्यायचं आणि कुठून न्यायचं, याची यादी होती. सोनेरी.

पत्रकं परत गोळा करायला आम्ही दोघं दारोदार फिरलो. वाटायला दोन तास लागले होते, परत मिळवायला दोन दिवस लागले. कोणी ते फ्रिजवर लावलं होतं, कोणी ग्वादालुपे माउलीच्या तसबिरीशेजारी. फुल्हेन्सिओने टीव्हीच्या वर चौकटीत बसवलं होतं.

"देणार नाही," तो म्हणाला. "या देशात माझं नाव छापलेलं मी फक्त औषधाच्या बाटलीवर पाहिलंय. तेही चुकलेलं."

"फुल्हेन्सिओकाका, ते वाचून कोणी दारात येईल."

त्याने चौकट उतरवली. चौकटीशिवाय दिलं नाही म्हणून चौकटीसकट आणलं. रविवारी संध्याकाळपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी जमली. बारा नव्हती.

त्यातलं एक कुठे होतं ते सोमवारी सकाळी कळलं. मालकाचा मुकादम किंबल ते हातात घेऊन वस्तीत फिरत होता. हा माणूस एरवी दोरीवरच्या चड्ड्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांवर ओरडायचा. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. प्रत्येक ट्रेलरपुढे थांबायचा, क्रमांक बघायचा, पेनने टिक करायचा, पुढे जायचा. मी अम्पारोकडे होतो. इत्सेल पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होती. पेनची टोपी उघडल्याचा आवाज आला. अम्पारो तव्यावरची तोर्तिया उलटत राहिली. बंद झाल्याचा आवाज आला. पावलं अठराकडे गेली.

त्या दिवशी वस्तीत कोणी कपडे वाळत घातले नाहीत. मुलं शाळेत गेली नाहीत. एरवी बेचाळीस ट्रेलरांत बेचाळीस गाणी चालू असतात. त्या दिवशी मला विहिरीचा पंप ऐकू आला. फाटकापाशी एक पांढरी गाडी तासभर उभी राहिली आणि गेली. कोणाची होती हे आजही माहीत नाही.

इत्सेल घरोघर गेली. तीन महिने ज्यांना या म्हणून विनवलं त्यांना म्हणाली, उद्या येऊ नका. शेवटी आईला म्हणाली.

"मी मद्रिना आहे," अम्पारोने सांगितलं. "मद्रिनाच गेली नाही असं कधी पाहिलंयस?"

"आई, हा वाढदिवस नाही."

"कळतं मला. पण नाव आधीच तिथे पोचलंय. त्याला एकटं कशाला सोडू?"

मंगळवारी बसमध्ये तेवीस जण होते. शर्ट इस्त्री केलेले, तोंडं प्रेतयात्रेला निघाल्यासारखी. सभागृहाच्या दारात पट्ट्याला पिस्तूल लावलेला रखवालदार होता. त्याने "गुड आफ्टरनून" म्हटलं तेव्हा फुल्हेन्सिओने दोन्ही हात वर केले. कोणी हसलं नाही.

मंडळाच्या अध्यक्ष बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्यापुढे सोनेरी कागद होता. भाडेकरूंना कोणीतरी चिथावलंय हे दाखवायला किंबलने तो दिला होता, टिकांसकट. बाईंनी कबुतरं पाहिली, नावं पाहिली आणि त्यांना वाटलं, ही बोलणाऱ्यांची यादी. त्या नावं पुकारू लागल्या. पहिला आलेला नव्हता. दुसरा उठायला धजला नाही. तिसरीने पदर असल्यासारखी शाल तोंडावर ओढली. चौथं नाव अम्पारो मोन्द्रागोन रेयेस.

इत्सेल उभी राहिली. माइकला घाबरणारी ती पोर माइकपाशी गेली आणि इंग्रजीत म्हणाली, "ती आलेली नाही."

आईला तेवढं इंग्रजी कळत होतं. मागून खुर्ची सरकली. अम्पारो बरणी छातीशी धरून पुढे आली, ती बाईंसमोर ठेवली आणि झाकण काढलं. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"आलेय मी," अम्पारो स्पॅनिशमध्ये म्हणाली. "प्या म्हणत नाही. वास घ्या. माझ्या मुलीला याच पाण्यात अंघोळ घातलीय. भित्री आहे ती, पण आम्हाला इथे तिनेच आणलं."

भाषांतर इत्सेलनेच करायचं होतं. तिने केलं. एक शब्द गाळला.

"भित्री पण सांग," मागून चोलेमावशी म्हणाली.

तिने तेही सांगितलं. आवाज इतका कापत होता की बाईंनी परत सांगायला लावलं. मग यादीतली तिसरी तोंडावरची शाल बाजूला करून उठली, आणि दुसरा, आणि एकेक करून तेवीसच्या तेवीस. नोएचं घड्याळ कोणी पाहिलं नाही. इत्सेल दोन तास माइकला दोन्ही हातांनी धरून होती. सोडला असता तर पडली असती.

मत झालं तीन विरुद्ध दोन. लाइन मंजूर. पांढरी गाडी परत आली नाही, कोणाला नेलं नाही.

सप्टेंबरात किंबलने टिक केलेल्यांपैकी पाच घरांचे भाडेकरार मालकाने वाढवले नाहीत. कारण दिलं नाही. सतरा नंबर त्यात होता. लाइन तीन वर्षांनी आली. मायलेकी आता नदीपलीकडच्या वस्तीत राहतात. तिथेही विहीरच आहे.