शरीरातली कात्री

तसनीमला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. महाडच्या ट्रकवाल्या अजमलची ही मुलगी पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची, आणि तिथेही एका जागी टिकत नसे. तिचं म्हणणं साधं होतं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, त्याच्यामागे किती धावायचं? पण फुप्फुसात पसरताना तो आपल्याच शरीरातलं एक प्रथिन कात्रीसारखं वापरतो. ती कात्री बदलत नाही. तिलाच काही दिवस अडवलं, तर एका औषधात कितीतरी विषाणू अडतील.

कात्री अडवणारं औषध घातलं तेव्हा काचेच्या बशीतल्या पेशी वाचल्या. उंदरांवरची चाचणी सुरू झाली, आणि तेवढ्यात २००९चा स्वाइन फ्लू पुण्यात येऊन थडकला.

ऑगस्टात अम्मीचा, खैरुनबीचा, फोन आला. "जुनैदला ताप हाय गो. पुण्याला माल टाकून आला नि पडलाच. धाप लागतेय. तुझं ते औषध घेऊन ये."

"अम्मी, ते माणसांना द्यायचं नाय अजून."

"भावाला पन नाय?"

तसनीम फ्रीजपाशी गेली, औषधाची कुपी हातात घेतली. ती कात्री शरीराच्या स्वतःच्या कामालाही लागते. ती बंद पडली तर काय होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुपी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग अब्बांना फोन करून जुनैदला सरकारी दवाखान्यात हलवायला लावलं. तिथे फ्लूच्या गोळ्या मिळत होत्या. स्वतःही महाडला निघाली; वरंध घाटात एसटी रखडली तशी ती उठून दारापाशीच उभी राहिली.

"मोकळीच आलीस?" अम्मीने तोंड फिरवलं.

जुनैद हळूहळू सावरला. अम्मीचा अबोला मात्र राहिला.

मग उंदरांचे निकाल आले. औषध दिलेल्या निरोगी उंदरांचीही फुप्फुसं सुजली होती.  तसनीमने महाडला फोन लावून ते सांगितलं.

 अम्मी म्हणाली, "म्हंजे आपला जुनैद..."

"काय झालं असतं, सांगता येत नाय."

"आता काय करशील?"

"दुसरं शोधेन."

"मग बोलत काय बसलीस?"

पुढच्या वर्षी तिने कात्री अर्धवटच अडवणारं रसायन घेतलं. उंदीर धडधाकट राहिले, पण विषाणूही पसरला. तसनीमने मात्रा बदलली आणि पुन्हा पिंजऱ्यांपुढे येरझारा घालू लागली.